‘केम राऊंड’ म्हणजे डॉक्टरांचा राउंड नव्हे : एका सिस्टरच्या इंग्रजीचं प्रकरण

ध्वनिफितीतली इंग्रज बाई नर्सला सांगते आहे, की रात्रभर तिचं ‘थ्रोइंग अप’ चाललं होतं, मग बाथरूममध्ये ती ‘पास्ड आऊट’, आणि ‘केम राऊंड’ तेव्हा नवरा शेजारी बसला होता. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या जागी लिहिलं होतं : डॉक्टर राउंडला आले, नवरा हजर. पुढच्या संवादात एक गृहस्थ म्हणतात, नाताळपासून ‘आय हॅव पुट ऑन टू स्टोन’. उत्तर होतं : किडनी स्टोन, दोन.

दोन्ही उत्तरं चुकली, पण ती नर्सनेच द्यावीत अशी आहेत. वॉर्डात ज्याचा जन्म गेला नाही त्याला ‘राऊंड’ ऐकून डॉक्टरांचा राउंड आठवणार नाही, की ‘स्टोन’ ऐकून मूतखडा. बाई शुद्धीवर आली होती आणि त्या गृहस्थांचं वजन वाढलं होतं. स्टोन हे इंग्लंडातलं वजनाचं जुनं माप, 14 पौंडांचं, म्हणजे सव्वासहा किलोच्या थोडं वर. तिथली जुनी मंडळी अजून स्वतःचं वजन त्यातच सांगतात.

माझ्याकडे इंग्रजी शिकायला आलेली ही विद्यार्थिनी मिरजेची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, इथं दर गल्लीत एखादी सिस्टर निघते. शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, मग जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम, मग एका खाजगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्ड आणि नंतर आयसीयू. कामाला वाघीण. इंग्लंडला जायचं ठरवलेलं, त्यासाठी ओईटी, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, एकदा देऊन झालेली. तिथं नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत 350 गुण, म्हणजे बी श्रेणी लागते. लिहिण्यात 300 चालतात. वाचनात तिला बी सहज मिळाली होती, लिखाणही निभावलं होतं. अडलं ते ऐकण्यात, आणि बोलण्यात अगदी काठावर.

इथंच मला पहिल्यांदा खटकलं. वाचनात वैद्यकीय मजकुराची जाडजूड पानं असतात, आणि ती तिला जमली. ऐकण्याच्या पहिल्या भागात तर दोन रुग्णांचे साधे संवाद असतात, ऐकत ऐकत टिपणातल्या 24 रिकाम्या जागा भरायच्या. ध्वनिफीत एकदाच वाजते हे खरं, पण वेग काही जीवघेणा नसतो. अवघड इंग्रजी जमतं आणि सोपं अडतं, हे कसं?

तिच्या जुन्या सराव उत्तरपत्रिका एकत्र करून बसले तेव्हा उलगडा झाला. रोगी ‘व्हॉमिटिंग’ म्हणाला की तिचं उत्तर बरोबर. ‘फेंटेड’ म्हणाला, बरोबर. ‘डिस्कंटिन्यूड द मेडिकेशन’, बरोबर. हेच रोग्याने ‘थ्रो अप’, ‘पास आऊट’, ‘केम ऑफ द टॅब्लेट्स’ असं सांगितलं की कोरी जागा किंवा भलतंच काही. तिला डॉक्टरांचं इंग्रजी येत होतं, रोग्याचं येत नव्हतं. आणि इंग्रज रोगी बोलतो ते बव्हंशी फ्रेजल व्हर्बमध्ये : साधंसुधं क्रियापद, त्याला शेपटासारखं ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘डाऊन’, आणि दोन्ही मिळून तिसराच अर्थ.

याला इतिहास आहे. 1066 मध्ये नॉर्मन राजवट आली, तिच्यामागून फ्रेंच, मग विद्वानांची लॅटिन आणि ग्रीक. शास्त्राचे, कायद्याचे, औषधाचे शब्द वरून आले. गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या तोंडी मात्र जुनी इंग्रजी क्रियापदंच राहिली, गेट, पुट, कम, गो, थ्रो, आणि त्यांना जोडून अव्ययं. परक्यांना याचा जाच होतो हे सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं आहे. त्याच्याकडे ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव नव्हतं. ते छापात आलं 1925 च्या सुमारास.

आपल्याकडेही तेच आहे. ‘आपणास वमन झाले का?’ असं सांगलीच्या कुठल्याही वॉर्डात कुणी विचारत नाही. वमन, मूर्च्छा, निद्रानाश हे छापील कागदावर. खाटेवरचा माणूस म्हणतो उलटी झाली, चक्कर येऊन पडलो, डोळ्याला डोळा नाही. मी तिला विचारलं, ‘सिस्टर, तुमच्याकडे खेड्यावरचा पेशंट आला की काय काय सांगतो? जसं सांगतो तसंच सांगा.’

ती सुरू झाली ती थांबेना. तोंड आलंय. डोळे आलेत. पाठ धरलीय. पोट चाललंय. हातपाय गळालेत. अंगावर पुरळ उठलंय. दम्यानं उचल खाल्लीय. अन्नावरची वासना उडालीय. दुखणं अंगावर काढलं. मग स्वतःच थांबून म्हणाली, ‘मॅडम, हे एखाद्या मद्रासी सिस्टरला सांगितलं तर ती काय समजणार? आमच्याकडे केरळच्या सिस्टर नव्या यायच्या, त्यांना मीच समजावून सांगायची. तोंड कुठून आलं, विचारायच्या त्या.’

यापुढचं काम सोपं झालं असं म्हणणार नाही, पण दिशा सापडली. ती स्वतः अनेक वर्षं दुभाष्याचं काम करत आली होती, रोग्याच्या बोलीतून केसपेपरच्या भाषेत. तेच काम आता दुसऱ्या बोलीसाठी करायचं होतं.

आधी काय शिकवलं गेलं होतं

तिच्याकडे एका क्लासची झेरॉक्स होती, फ्रेजल व्हर्बची जाडी यादी, इंग्रजी वर्णानुक्रमाने. ‘गेट’ची दोन पानं, ‘पुट’ची दीड, ‘टेक’ची दोन. समोर मराठी अर्थ. ही पाठ करायला सांगितली होती आणि तिने इमानेइतबारे केलीही होती. माझं मत स्पष्ट आहे : अशा याद्यांनी फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. ‘पुट ऑफ’, ‘पुट ऑन’, ‘पुट आऊट’, ‘पुट अप विथ’ एका बैठकीत पाठ केले की चौघं एकमेकांच्या अंगावर पडतात. परीक्षेत ‘पुट ऑफ’ कानावर आला की डोळ्यापुढे पान येतं, चौथी ओळ की पाचवी ते आठवेपर्यंत रोगी तीन वाक्यं पुढे गेलेला असतो.

शिवाय यादीत गरजेचं आणि बिनगरजेचं एकाच मापाने येतं. 2007 मध्ये डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या भाषाअभ्यासकांनी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या सुमारे 10 कोटी शब्दांच्या संग्रहात मोजून पाहिलं. अवघी 20 क्रियापदं आणि 8 अव्ययं, यांच्या जोड्यांनीच फ्रेजल व्हर्बच्या निम्म्याहून अधिक जागा व्यापल्या होत्या. म्हणजे कच्चा माल थोडाच आहे. मेख अशी, की याच नेहमीच्या जोड्यांना प्रत्येकी सरासरी पाचाहून जास्त अर्थ निघतात. ‘ब्रिंग अप’ घ्या. छातीत कफ असलेला म्हातारा ‘ब्रिंग्ज अप’ बेडका. तान्हं बाळ दूध पिऊन ‘ब्रिंग्ज अप’ ढेकर. आजीने नातवंडांना ‘ब्रॉट अप’, म्हणजे लहानाचं मोठं केलं. आणि एका संवादात मुलगी सांगते, आईच्या दारूचा विषय डॉक्टरांपुढे ‘ब्रिंग अप’ करायला तिला संकोच वाटला. आमच्या सिस्टरने तिथं आईला उलटी करायला लावली होती.

अडचण मराठी माणसाचीच आहे असंही नाही. इस्रायलमध्ये डॅगट आणि लॉफर यांनी 1985 मध्ये दाखवलं, की हिब्रू बोलणारे विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब टाळतात आणि एका शब्दाचं क्रियापद शोधतात, कारण त्यांच्या भाषेत अशी रचना नाही. आपली गोष्ट थोडी वेगळी आहे. मराठीत अव्यय मागे लागत नाही, पण क्रियापदामागे क्रियापद लागतंच. ‘खाऊन टाक’मध्ये कुणी काही फेकत नाही. ‘बोलून बसलो’ म्हणणारा उभाही असेल. ‘टाकणे’ने काम निकालात निघतं, ‘बसणे’ने पस्तावा येतो. इंग्रजी ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘हील अप’मधला ‘अप’ याच जातीचा आहे : वर काही जात नाही, काम पुरं होतं. जखम ‘हील्स अप’, आपल्याकडे ती भरून येते. त्या ‘येणे’चं तरी येण्याशी काय नातं आहे?

संस्कृतचा तास ज्यांनी केला त्यांना प्रहार, आहार, संहार, विहार हेही आठवेल. धातू एक, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटा राहून वाक्यात दूर जाऊन बसू शकत होता, थेट ‘टेक इट ऑफ’सारखा. हे मी सिस्टरला सांगितलं नाही. तिला नाइट ड्यूटी करून वर्गात यायचं होतं, वेद ऐकायला ती आली नव्हती.

वही

एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर मिरजेचा पेशंट, उजव्या पानावर इंग्लंडचा. नियम असा, की सुटा शब्द लिहायचा नाही. पूर्ण वाक्य, रोग्याच्या तोंडचं, ‘मी’पासून सुरू होणारं. आणि क्रम अक्षरांचा नाही, अवयवाचा आणि दुखण्याचा.

डावीकडे ‘सूज उतरली’, उजवीकडे ‘द स्वेलिंग हॅज गॉन डाऊन’. डावीकडे ‘अंगावर पुरळ उठलं’, उजवीकडे ‘आय केम आऊट इन अ रॅश’. ‘भूल उतरली’ समोर ‘द अनेस्थेटिक हॅज वोर्न ऑफ’. ‘दम्यानं उचल खाल्ली’ समोर ‘माय अस्थमा हॅज फ्लेअर्ड अप’. आणि तिचं लाडकं : ‘अन्नावरची वासना उडाली’ समोर ‘आय हॅव गॉन ऑफ माय फूड’. हे लिहिताना ती म्हणाली, ‘आपलं उडतं, त्यांचं ऑफ होतं.’

त्या एका वाक्यावर मी पुढचे बरेच तास काढले. तिने नकळत अव्ययाचा स्वभाव पकडला होता. ‘ऑफ’ जिथं येईल तिथं काहीतरी सुटतं, निघतं, उतरतं, उडतं. खपली ‘केम ऑफ’. गोळ्या सोडल्या तर ‘केम ऑफ द टॅब्लेट्स’. औषधाचा असर ‘वेअर्स ऑफ’. जागेपणा सुटून डुलकी लागली तर ‘नॉडेड ऑफ’ किंवा ‘ड्रॉप्ड ऑफ’. दूध नासलं तर ‘गॉन ऑफ’. ‘आऊट’चे दोन चेहरे : एक आतलं बाहेर दिसू लागणं, पुरळ येतं तसं, आणि दुसरा दिवा विझावा तशी शुद्ध जाणं, ‘पास आऊट’, ‘ब्लॅक आऊट’. ‘डाऊन’ म्हणजे बहुतेक वेळा कमी होणं. ‘अप’ सगळ्यात लबाड. तो कधी वाढ दाखवतो, कधी पूर्णता, कधी नुसताच मिरवतो, आणि त्याला एका सूत्रात बांधायचा नाद मी सोडून दिला आहे. ‘थ्रो अप’ला कारण नाही शोधलं, पाठच केला.

‘पास आऊट’वर मात्र थांबावं लागलं. आपल्याकडे ‘मी 2014 ला पास आऊट झाले’ हे इतकं मुरलेलं आहे, की मराठीतही तेच चालतं. इंग्लंडच्या मुलाखतीत कुणी ‘आय पास्ड आऊट फ्रॉम नर्सिंग कॉलेज’ म्हणालं तर समोरचा अर्थ लावून घेईल, पण आधी क्षणभर त्याला चक्कर येऊन पडलेली मुलगी दिसेल. लष्करी प्रबोधिनीतून छात्र पास आऊट होतात, तिथं तो अर्थ इंग्रजीतही आहे, दवाखान्यात नाही. तसाच आपला ‘कोप अप विथ’, म्हणजे निभावून नेणं. इंग्रजीत नुसतं ‘कोप विथ’. जिथं ‘अप’ हवा तिथं आपण गाळतो आणि नको तिथं घालतो.

गंमत म्हणजे तिच्या रोजच्या मराठीत फ्रेजल व्हर्ब पोत्याने होते : हँडओव्हर, फॉलोअप, चेकअप, पिकअप, लॉग इन. पण मराठीत आले की ते नाम होतात आणि त्यांना ‘करणे’, ‘घेणे’, ‘देणे’ जोडलं जातं. ‘हँडओव्हर दिला’, ‘फॉलोअप घेतला’. ‘फॅन ऑफ कर’मध्ये तर इंग्रजी क्रियापद गळून पडलं आहे आणि अव्ययानेच घर चालवलं आहे. त्यामुळे इंग्रजी बोलतानाही ती ‘ऑफ द फॅन’ म्हणायची. याला मी चूक म्हणून दटावलं नाही. ‘टर्न’ परत आणून ठेवायचं, एवढंच.

कान

शब्द वहीत आले तरी कानावर ओळखू येत नव्हते. कारण बोलताना ते दोन शब्द राहत नाहीत. ‘थ्रोइंग अप’ हे ‘थ्रोइंगप’ होतं, ‘गेट ओव्हर इट’ हे ‘गेटोव्हरिट’. तिचा कान क्रियापदाकडे लागलेला असायचा, तर जोर असतो अव्ययावर : ‘टेक इट *ऑफ*’, ‘आय केम *राऊंड*’. आपण मराठीत अमुकच अक्षरावर असा आघात देत नाही, त्यामुळे तो ऐकायची सवयही नसते.

मग आम्ही अव्ययावर टेबलाला बोट मारत वाक्यं म्हटली. मी वाक्य वाचायची, तिने फक्त अव्यय सांगायचं, अर्थ नाही. हे बालवाडीसारखं वाटतं आणि पहिल्या दिवशी तिला ते अपमानास्पदही वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण याच सरावाने तिचे गुण हलले, असं मला वाटतं. अव्यय हाताला लागलं की उरलेला अर्थ ती संदर्भाने ओढून काढायची, कारण वैद्यकीय संदर्भात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. वाक्यात ऑपरेशन आहे, ‘ऑफ’ ऐकू आलं, म्हणजे भूल उतरली असणार, हा तर्क तिचा.

ऐकण्याला सामग्री मुख्यतः ओईटीचे नमुना संवाद. वाचायला ब्रिटिश सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं संकेतस्थळ. तिथली पानं मुद्दाम सामान्य माणसाच्या भाषेत लिहिलेली असतात, इतकी की लघवीसाठी ‘पी’ हा घरगुती शब्द ते बेधडक वापरतात. उलटीला तिथं ‘बीइंग सिक’ म्हणतात. ‘आय वॉज सिक ट्वाइस’ म्हणजे दोनदा आजारी पडलो नव्हे, दोनदा उलटी झाली. हा फ्रेजल व्हर्ब नाही, पण वहीत गेला.

बोलणं आणि मग एक नवीनच घोळ

बोलण्याच्या परीक्षेत दोन प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, तयारीला तीन मिनिटं. समोरचा माणूस रोगी किंवा नातेवाईक होतो, आपण नर्स. ध्वनिमुद्रण होतं आणि गुण नंतर दुसरेच देतात. भाषा प्रसंगाला साजेशी आहे का, हा एक निकष. तिची वाक्यं व्याकरणात चोख होती : ‘यू मस्ट रिड्यूस युअर कन्झम्प्शन ऑफ सॉल्ट.’ ‘काइंडली डिस्कंटिन्यू स्मोकिंग.’ घाबरलेल्या म्हाताऱ्याला नोटीस बजावल्यासारखं.

बोलण्यासाठी मी तिला फार थोडे दिले. ऐकायला शेकडो लागतील, तोंडात मूठभर पुरतात. ‘कट डाऊन ऑन सॉल्ट’, ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘कॅरी ऑन टेकिंग द टॅब्लेट्स’, ‘डोन्ट रन आऊट ऑफ देम’, ‘रोल अप युअर स्लीव्ह’, ‘सिट अप’, ‘लाय डाऊन’, ‘टर्न ओव्हर’, ‘फिल इन द फॉर्म’. हे नर्सच्या हातापायाशी जोडलेले आहेत, म्हणून प्रत्येक वाक्य कृती करत म्हणायचं. बाही वर करताना ‘रोल अप’. आरशापुढे, घरी, मुलीला रोगी करून. मुलीला यात फारच मजा आली, असं कळलं.

आणि मग लेखनाच्या सरावात तिने डॉक्टरला लिहायचं रेफरल पत्र आणलं. त्यात रोगी दोनदा ‘थ्रू अप’, मग ‘पास्ड आऊट’, ‘पुट ऑन’ पाच किलो, आणि मीठ ‘कट डाऊन’ करायला सांगितलेलं. वही सगळी पत्रात उतरली होती. आधी जी भाषा बोलण्यात घातक होती तीच इथं हवी होती : व्हॉमिटेड, लॉस्ट कॉन्शसनेस, वेट गेन. लेखनात आधी काठावर का होईना निभावत होतं, तेच माझ्या शिकवण्याने ढासळू लागलं होतं. त्या आठवड्यात वहीला तिसरा रकाना आला, ‘केसपेपर’. एका ओळीत तीन भाषा : मिरजेचा पेशंट, इंग्लंडचा पेशंट, इंग्लंडचा डॉक्टर. पत्र लिहिताना पहिले दोन रकाने पट्टीने झाकायचे. खरं तर हा रकाना पहिल्या दिवसापासून असायला हवा, आणि आताच्या वह्यांत असतो.

दुसऱ्या खेपेला ऐकण्यात आणि बोलण्यात दोन्हींत बी आली, लेखन तीनशेच्या वर राहिलं. श्रेय सगळं फ्रेजल व्हर्बला द्यायचं कारण नाही. मधल्या काळात तिने रोज ऐकलंही भरपूर, परीक्षेची भीती मोडली, आणि नाइट ड्यूटी बदलून मिळाल्याने झोप मिळू लागली, याचाही वाटा असणार.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. सर्वनाम मध्ये घालायचं, ‘पुट इट ऑन’, ‘टेक देम ऑफ’, हा नियम ती विचारला की बिनचूक सांगते. घाईत मात्र अजूनही ‘पुट ऑन इट’च येतं. मास्क हातात धरून असं सांगितलं तर कुठल्याही रोग्याला कळतं, गुण देणाऱ्यांनाही कळलं असावं, म्हणून त्यावर मी आणखी वेळ घालवला नाही.